हाशियाचे कारागीर

चित्राभोवती चौकट घालण्याची चाल फार जुनी आहे. परंतु प्रत्येक चित्राला त्याचा स्वतंत्र काठ द्यावा आणि अशी काठासह सिद्ध झालेली चित्रे हव्या त्या क्रमाने एकत्र बांधावीत, ही रीत हिंदुस्थानात ज्या कारखान्यात परिपूर्ण झाली, तो मोगल बादशहांचा तसबीरखाना होय. आज संगणकावर चित्राचे संस्करण करणारा माणूस एखादा लेअर, म्हणजे चित्राचा एक थर, निवडून केवळ तेवढ्यालाच बॉर्डर देतो, तेव्हा काठ नेमका कोठे पडावा हा त्याच्यापुढे जो प्रश्न असतो, तोच त्या तसबीरखान्यातील कारागिरांपुढे होता.

जहांगीर बादशहाच्या (1605–1627) संग्रहात इराणी उस्तादांची चित्रे, मीर अली हेरवी याच्या सुलेखनाचे तुकडे, युरोपातून आलेले ताम्रमुद्रित ठसे आणि दरबारी मुसव्विरांनी काढलेल्या तसबिरी अशी नाना मुलखांची नाना आकारांची संपदा जमा झाली होती. ती एका मुरक्क्यात, म्हणजे चित्रसंग्रहाच्या ग्रंथात, समान मापाच्या पानांवर बसवायची, तर लहानमोठेपणाचा आणि देशोदेशीच्या शैलींचा विसंवाद मिटवणे प्राप्त होते. मूळ चित्राला कात्री लावून तो मिटवण्यापेक्षा सभोवतीचा हाशिया, म्हणजे काठ, कमीजास्त रुंद करून मिटवणे हाच सुज्ञपणाचा मार्ग होता.

त्याची कृती मोठ्या नजाकतीची असे. कागदाचे अनेक थर खळीने एकावर एक चिकटवून वसली तयार करीत आणि ती घोटून गुळगुळीत करीत. चित्र आणि हाशिया हे वेगवेगळे कागद. त्यांची सांधजोड उघडी राहिली तर नजर तेथेच अडखळायची, म्हणून त्या सांध्यावर सोन्याच्या आणि रंगांच्या बारीक समांतर रेघा ओढीत. या रेघांना जदवल म्हणत. जदवलीची शोभा आज आपल्याला प्रथम दिसते. तिचे पहिले काम मात्र जोड झाकण्याचे होते.

पुढे काठाला स्वतःची प्रतिभा फुटली. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात असलेल्या मुरक्का-इ-गुलशन या जहांगीरच्या चित्रसंग्रहाच्या एका हाशियात दौलत नावाच्या चित्रकाराने मनोहर, गोवर्धन, बिशनदास, अबुल हसन या आपल्या सहकाऱ्यांची चित्रे रेखाटली. बादशहाची तसबीर काढणारे हात स्वतः मात्र पानाच्या समासात बसले. 1620 साली जहांगीर काश्मिरात असताना उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक फुले चितारली, असे बादशहाच्या आत्मवृत्तात नमूद आहे. शहाजहानच्या काळी (1628–1658) तर सोनेरी रेषेने उठावलेली फुलझाडे हाशियाचा मुख्य विषयच होऊन बसली. त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरकाळी मधल्या तसबिरीतील अमीर किंवा साधू याला साजेसे सेवक, शिपाई, शिष्य काठावर उभे राहू लागले; जोड झाकण्यासाठी जन्मलेला काठ आता चित्राचे भाष्य करू लागला.

प्रत्येक चित्र आपल्या काठासह स्वयंपूर्ण झाल्याने मुरक्क्याची पाने हवी तशी लावता येत. परंतु त्याच गुणाने ती उधळणेही सोपे झाले. 1739 साली नादिरशहाने दिल्ली लुटल्यानंतर बादशाही खजिन्यातील पुष्कळ ऐवज इराणात गेला; गुलशनची काही पाने आज बर्लिनच्या ग्रंथालयात आहेत. जहांगीर व शहाजहान यांच्या मुरक्क्यांतील पाने आणि एकोणिसाव्या शतकात त्यांत घातलेल्या नकला यांचा एक संग्रह 1929 साली स्कॉटलंडमधील जुन्या वस्तूंच्या दुकानात 100 पौंडांहून कमी किमतीला विकला गेला. त्याच्या 50 पानांपैकी 41 न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि 9 वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहेत. पान कोठेही गेले, तरी हाशिया त्याच्याबरोबर गेला.

संगणकाने हाच क्रम पुन्हा चालून पाहिला, असे म्हणता येईल. 1990 साली निघालेल्या फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीत लेअर नव्हते; एक चित्र दुसऱ्यावर चिकटवून निवड सोडली, की दोन्ही एकजीव होत. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले, म्हणजे प्रत्येक तुकडा आपापल्या थरावर वेगळा राहू लागला. तथापि काठ ओढावयाचा, तर तो चित्राच्या रंगातच मिसळत असे. 2000 सालच्या सहाव्या आवृत्तीतील स्ट्रोक या लेअर स्टाइलने ती अडचण दूर केली. काठाची जाडी किती, रंग कोणता, आणि तो कडेच्या बाहेर, आत की बरोबर कडेवर, हे ठरवून द्यावे; लेअर हलला की काठ हलतो, आकार बदलला की त्याच्या वळणाने वळतो, आणि नको झाला तर चित्राला धक्का न लागता निघून जातो.

तसबीरखान्यातील कारागिराला ही सवलत नव्हती. खळ वाळल्यावर हाशिया सोडवणे म्हणजे चित्र जोखमीत घालणे होते, म्हणून जदवल कोठे पडावी याचा निवाडा त्याला रेघ ओढण्यापूर्वीच करावा लागे. आजच्या संपादकाला तो निवाडा हवा तितक्या वेळा फिरवता येतो. परंतु आत, बाहेर की कडेवर, हा प्रश्न त्यालाही चुकत नाही. आणि त्याचे उत्तर साधनात नसून चित्राच्या शेजारी काय ठेवायचे आहे यावर अवलंबून असते, हे त्या अनामिक हाशियाकारांना पुरते ठाऊक होते.