दुसऱ्याच्या गोष्टीतला बाप

‘इन्सेप्शन’ तुम्ही पाहिला असेल, कदाचित दोन-तीनदा. स्वप्नातलं स्वप्न, टेबलावर फिरणारा भोवरा, घडी घातल्यासारखं दुमडत जाणारं पॅरिस, हे सगळं आठवत असेल. पण त्यातला मरणाला टेकलेला उद्योगपती आठवतो का? सगळा डाव शेवटी त्याच्याच पलंगापाशी येऊन थांबतो. मुलाच्या मनात एक विचार रुजवायचा आहे, आणि तो रुजणार की नाही हे ठरतं बापाच्या तोंडून कसेबसे फुटणाऱ्या तुटक शब्दांवर. त्या नटाला पडद्यावर मिळालेला वेळ काही मिनिटांचा. पण तो म्हातारा आपल्याला खरा वाटला नाही, तर स्वप्नांचे सगळे मजले पत्त्यांसारखे कोसळतात.

तो नट म्हणजे पीट पॉसलथ्वेट. ‘इन्सेप्शन’ आला २०१० साली. २ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ६४व्या वर्षी, तो कर्करोगाने गेला.

अशा नटांना आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात. वकील, पाद्री, फौजदार, हीरोचा बाप. चेहरा ओळखीचा असतो, नाव आठवत नाही. पॉसलथ्वेटचा चेहरा तर विसरणं कठीणच होतं: वर आलेली गालफडं, चपटं नाक, खोल डोळे. नाव बदल, असं त्याला सुरुवातीलाच सांगण्यात आलं होतं. एवढं लांबलचक नाव नाट्यगृहाबाहेर दिव्यांनी लिहायचं तर विजेचं बिल परवडणार नाही, असा किस्सा तो सांगायचा. त्याने नाव बदललं नाही.

जन्म ७ फेब्रुवारी १९४६चा, लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधल्या वॉरिंग्टन गावात, कामगारवस्तीतल्या कॅथलिक घरात. आधी धर्मगुरू व्हायचं मनात होतं. मग तो शिक्षक झाला, मुलांना नाटक शिकवू लागला. त्यानंतर ब्रिस्टल ओल्ड व्हिक नाट्यशाळा, आणि सत्तरच्या दशकात लिव्हरपूलचं एव्हरीमन थिएटर. तिथल्या संचात त्याच्यासोबत ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस अशी मंडळी होती. पुढे नाव झालेल्यांची ही यादी आज मोठी वाटते. तेव्हा ही सगळी होतकरू पोरं होती.

सिनेमात तो खऱ्या अर्थाने दिसला तो चाळिशी ओलांडल्यावर, आणि दिसला तो बाप म्हणून. टेरेन्स डेव्हिस या दिग्दर्शकाने आपल्याच लहानपणावर बेतलेला ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ (१९८८) केला. लिव्हरपूलमधलं एक घर, आणि त्या घरावर सावलीसारखा पसरलेला मारकुटा बाप. पॉसलथ्वेट इथे कुठेही खलनायक वाटत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते. हाच माणूस नाताळच्या रात्री झोपलेल्या मुलांकडे मायेने बघतो, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाचं टेबल उधळून देतो. दोन्ही खरं आहे. मुलांना आयुष्यभर दोन्ही वागवावं लागतं.

पाच वर्षांनी त्याने याच्या अगदी उलटा बाप उभा केला. १९७४ साली इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड इथे आयआरएने पबमध्ये बॉम्बस्फोट केले. त्यात बेलफास्टच्या जेरी कॉनलन या तरुणाला गोवण्यात आलं. मुलाच्या मदतीला लंडनला आलेल्या त्याच्या आजारी वडिलांना, जुझेप्पे कॉनलन यांनाही पोलिसांनी पकडलं. १९८० साली ते कैदेतच वारले. जेरी आणि इतर तिघे सुटले १९८९ साली. वडिलांची शिक्षा रद्द झाली १९९१ साली, मरणानंतर अकरा वर्षांनी. यावरच्या ‘इन द नेम ऑफ द फादर’ (१९९३) मध्ये जेरी झाला डॅनियल डे-लुईस आणि जुझेप्पे झाला पॉसलथ्वेट.

सिनेमाने बाप-लेकाला एकाच कोठडीत ठेवलं. प्रत्यक्षात तसं नव्हतं. पण पटकथेने घेतलेल्या या सवलतीचं या दोघांनी सोनं केलं. पोरगा ओरडतो, भिंतीवर हात आपटतो, बापाला टाकून बोलतो. बाप खोकत खोकत पत्रं लिहीत राहतो, एकामागून एक, सुटकेसाठी. डे-लुईसच्या अभिनयाची उंची कळते ती समोरचा माणूस शांत आहे म्हणून. पॉसलथ्वेटला ऑस्करचं नामांकन मिळालं, सहायक अभिनेत्याचं. पुरस्कार ‘द फ्युजिटिव्ह’साठी टॉमी ली जोन्सला गेला.

‘सहायक’ हा शब्द इथे मला अडतो. कुठल्याही ॲपमध्ये वापरणाऱ्याला दिसतं ते बटण. बटणामागचं काम बंद पडलं की मग कळतं, नक्की कोण कोणाला सहाय्य करत होतं. बापाची भूमिका तशीच असते. मुलाच्या गोष्टीत बाप कधीच नायक नसतो. पण मुलगा कोणासमोर उभा आहे, कोणावर चिडतो, कोणाला काही सिद्ध करून दाखवू पाहतो, हे कळल्याशिवाय मुलगाही कळत नाही.

‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) मधला डॅनी हा तिसरा बाप. यॉर्कशरमधली कोळशाची खाण बंद होऊ घातली आहे, आणि डॅनी खाणकामगारांच्या वाद्यवृंदाचा प्रमुख आहे. फुप्फुसं कोळशाच्या धुळीने भरलेली, पण त्याला संगीताशिवाय काही दिसत नाही; पोटचा पोरगा कर्जात बुडतोय हेसुद्धा. शेवटी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड जिंकतो, तेव्हा तो करंडक नाकारतो. आजवर मला संगीत महत्त्वाचं वाटत होतं, पण माणसांपुढे ते काहीच नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. सगळं आयुष्य ज्यावर उभं केलं तेच चारचौघांत खाली ठेवणारा हा बाप. त्याच्या या भाषणाचे सूर पुढे चुंबावांबा या बँडने ‘टबथंपिंग’ गाण्याच्या अल्बममधल्या आवृत्तीत घेतले.

‘द युज्वल सस्पेक्ट्स’, ‘रोमिओ + ज्युलिएट’, ‘ज्युरासिक पार्क’चा दुसरा भाग, ‘अमिस्टाड’: नव्वदच्या दशकात तो सगळीकडे होता. शेवटच्या दोन सिनेमांचा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. हा जगातला सर्वोत्तम नट आहे, असं स्पीलबर्ग म्हणाल्याचं सगळीकडे छापून आलं. त्यावर पॉसलथ्वेटचं उत्तर असं, की ‘पीटला वाटतं तो जगातला सर्वोत्तम नट आहे’ असंच स्पीलबर्ग म्हणाला असणार.

२००८ साली तो एव्हरीमनला परतला, किंग लिअर करायला. नाट्यसृष्टीतला हा सर्वात थोरला बाप, आणि इथे मात्र तोच नायक.

पुढच्याच वर्षी आला ‘द एज ऑफ स्टुपिड’. शेकडो सामान्य माणसांच्या पैशांतून उभा राहिलेला हा हवामान बदलावरचा माहितीपट. साल २०५५. जग उद्ध्वस्त झालंय, आणि पॉसलथ्वेट एकटाच एका संग्रहालयात बसून आपल्या काळातल्या खऱ्या माणसांच्या चित्रफिती बघतोय. त्यांत मुंबईतला, सामान्य भारतीयाला स्वस्तात विमानात बसवू पाहणारा उद्योजकही आहे. त्याचा हेतू चांगला आहे, हीच पंचाईत. पॉसलथ्वेट पुन्हा तेच करतो जे तो आयुष्यभर करत आला: दुसऱ्यांकडे बघतो, ऐकतो, त्यांची गोष्ट पुढे जाऊ देतो. पडद्याबाहेर मात्र तो गप्प बसला नाही. केंट परगण्यातल्या किंग्जनॉर्थला नव्या कोळसा वीजकेंद्राला परवानगी दिलीत तर ओबीई हा राजसन्मान परत करीन, असं त्याने सिनेमाच्या पहिल्या खेळालाच सरकारला बजावलं. ते केंद्र झालं नाही. कंपनीने मंदीचं कारण देत योजना गुंडाळली.

हा त्याचा शेवटचा सिनेमा नव्हे, पण त्याच्याकडे बघताना मला हाच जास्त आठवतो. जरा हिशोब करा. २०५५ साली साठीत असलेला माणूस म्हणजे १९९०च्या आसपास जन्मलेला. तो आपला बाप नाही. तो आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसलेला कोणीतरी आहे. वाचवायची संधी होती तेव्हा आपण स्वतःला का वाचवलं नाही, असं तो विचारतो, तेव्हा तो त्या काळाचा साक्षीदार म्हणून विचारतो. आणि पॉसलथ्वेटचा तो खडकासारखा चेहरा, उत्तराची वाट बघत, आपल्याकडे बघत राहतो.