पदवीचा झगा

पदवीदान समारंभातील काळा पायघोळ झगा आपल्याकडे इंग्रजी अमदानीचा अवशेष समजला जातो. २०१० साली भोपाळ येथील एका पदवीदान समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तो व्यासपीठावरच उतरवला. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. तेव्हा झगा आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, हे खरेच. परंतु त्याचा जन्म कितीतरी आधीचा आहे.

मध्ययुगात पॅरिस व ऑक्सफर्ड येथील विद्यार्थ्यांची गणना धर्मसेवकवर्गात होत असे. साहजिकच त्यांचा वेषही त्याच वर्गाचा होता. थंडगार दगडी वास्तूंत अंगभर झगा आणि डोक्यावर ओढून घ्यायची कुंची ऊब देई. पुढे तीच कुंची पाठीवर रुळणारे, पदवीनिदर्शक रंगांचे भूषण बनली. कुलपतिपदाचे मूळही असेच आहे. पॅरिसमध्ये नोत्र दाम कॅथेड्रलचा चान्सलर अध्यापनाचा परवाना देत असे, आणि पदवी म्हणजे मुळात हा परवानाच होय.

या परवान्यासाठी पैसे उकळले जाऊ लागले, तेव्हा पोप अलेक्झांडर तिसरे यांनी बोलावलेल्या ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने स्पष्ट निर्बंध घातला : परवान्यासाठी कोणी मोबदला मागू नये आणि लायक व्यक्तीस तो नाकारू नये. धर्मसेवकांना व गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकविणाऱ्या गुरूच्या चरितार्थाची तजवीज प्रत्येक कॅथेड्रलने करावी, असेही तिने ठरविले.

पुढे १२१९ साली पोप होनोरियस तिसरे यांनी बोलोन्यातील परवान्याचा अधिकार तेथील आर्चडीकनकडे सोपविला. त्या विद्यापीठात नव्या आचार्यास ग्रंथ, अंगठी व टोपी अर्पण करीत. स्पेनमधील विद्यापीठांत ही चिन्हे आजही दिली जातात.

महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा १९८७ साली करावा लागला. म्हणजे लॅटरन परिषदेपुढील प्रश्न आठ शतकांनंतर आपल्या दारी उभाच होता. झग्याऐवजी उद्या खादीचे उपरणे आले, तरी त्यात खेद मानण्याचे कारण नाही. मात्र ख्रिस्तसभेच्या नावाने शाळा-महाविद्यालये चालविणाऱ्या आपण सर्वांनी प्रवेशाची यादी लावताना ११७९ चा तो निर्बंध अवश्य आठवावा.