ॲक्शनस्क्रिप्टमधील स्कोप-दोष

एखादे व्हेरिएबल किंवा मूव्हीक्लिप डोळ्यांसमोर असूनही स्क्रिप्टला सापडत नाही, किंवा त्याच्या जागी भलतेच हाती लागते. फ्लॅश-प्रणालीतील या दोषांना स्कोप-दोष म्हणतात. ॲक्शनस्क्रिप्ट फ्लॅश ५ बरोबर २००० मध्ये आली. तिची दुसरी आवृत्ती २००३ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ सोबत आली. महाराष्ट्रात शैक्षणिक ॲनिमेशनच्या कामात ती बरीच वापरली गेली. मुंबईच्या आयआयटीतील ‘ऑस्कर’ या मुक्त ॲनिमेशन-संग्रहात जावा ॲप्लेटच्या जोडीने फ्लॅशचे पाठही होते. पाठ्यपुस्तके हा दोष ‘पत्ता चुकला’ या सदरात घालतात आणि उपाय म्हणून रूट, पेरेंट, धिस यांचे तक्ते देतात. हे निदान अर्धेच आहे. टाइमलाइनवर चालणाऱ्या भाषेत पत्ता ठरावीक वेळेपुरताच खरा असतो, म्हणून ‘कुठे’ विचारण्याआधी ‘केव्हा’ विचारायला हवे.

दुसऱ्या आवृत्तीपर्यंतचे वर्तन याला पुरावा देते. अटॅचमूव्हीने लायब्ररीतली क्लिप आणली की ती त्याच ओळीत हाती येते, पण तिच्या पहिल्या फ्रेमवरचा कोड नंतर चालतो. त्यामुळे त्या कोडने दिलेल्या किमती लगेच मागितल्या तर ‘अनडिफाइन्ड’ मिळते. पत्ता अचूक असतो, मागणी मात्र वेळेआधी झालेली असते. बाहेरची फाइल लोड करतानाही हेच होते. मूव्हीक्लिपलोडरमध्ये ऑनलोडकम्प्लीट आणि ऑनलोडइनिट असे दोन वेगळे इव्हेंट ठेवावे लागले, कारण फाइल उतरून घेणे आणि तिच्या पहिल्या फ्रेमचा कोड चालणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यात या आवृत्त्या मुक्या. नसलेल्या ऑब्जेक्टचा गुणधर्म मागितला तरी त्या तक्रार करत नाहीत, फक्त पुन्हा ‘अनडिफाइन्ड’ देतात, आणि दोष दहा ओळी पुढे भलत्याच रूपात उघड होतो.

पुणे–दौंड रेल्वेमार्गाचा एक पाठ कल्पावा. येवत, खुटबाव, केडगाव, पाटस, दौंड अशी बटणे लूपमध्ये तयार केली आणि प्रत्येकाच्या ऑनरिलीजमध्ये लूपचाच ‘आय’ वापरून स्थानकाची माहिती मागवली. विद्यार्थ्याने खुटबाव दाबले तरी खुटबावची माहिती येणार नाही, आणि इतर कोणतेही बटण दाबले तरी उत्तर तेच येईल. फंक्शन लूपमध्ये लिहिले असले तरी ते चालते लूप संपल्यावर. तोवर ‘आय’ने शेवटची किंमत धरलेली असते, बहुधा दौंडच्याही पुढची. उपाय सोपा आहे: क्रमांक बटणालाच गुणधर्म म्हणून चिकटवावा आणि धिसमधून वाचावा. पण धिसचेही तसेच आहे. फंक्शन कुठे लिहिले यावर तो ठरत नाही, ते कोणी चालवले यावर ठरतो. एक्सएमएलच्या ऑनलोडमध्ये धिस म्हणजे ते एक्सएमएल ऑब्जेक्ट, आपली टाइमलाइन नव्हे. डेलिगेट हा वर्ग आला तो याच गरजेतून.

यावर पहिला आक्षेप असा की असे बहुतेक दोष निव्वळ स्पेलिंगचे असतात. त्यात तथ्य आहे. प्लेअर ६ पर्यंत लहान-मोठ्या लिपीचा भेद धरला जात नसे. ७ साठी प्रकाशित केलेल्या फाइलपासून तो धरला जाऊ लागला आणि चालती नावे बंद पडली. पण दोन्ही दोष वेगळे ओळखता येतात. तोच ट्रेस आत्ता एकदा आणि पुढच्या फ्रेमवर एकदा घ्यावा. दुसऱ्या वेळी ऑब्जेक्ट सापडले तर दोष वेळेचा आहे, दोन्हीदा हुकले तर नावाचा किंवा मार्गाचा. (टेक्स्टफील्डमध्ये एक खोडसाळ अपवाद आहे. इन्स्टन्सचे नाव आणि ‘व्हार’ रकान्यातले नाव एकच ठेवले की दोन्ही चाचण्या फसतात. तो रकाना रिकामा ठेवणेच बरे.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तिसऱ्या आवृत्तीच्या कडक कंपायलरने दोषांचा हा प्रकारच निकालात काढला. त्याने नावांचे दोष खरोखरच पकडले. ‘११२०’ ही सूचना अज्ञात नावासाठीच आहे. क्लासच्या मेथडमधला धिसही पक्का बांधला गेला. पण पाचव्या फ्रेमवर जाहीर केलेले व्हेरिएबल पहिल्या फ्रेमवरूनही कंपायलरला मान्य असते, कारण टाइमलाइनवरची व्हेरिएबल्स क्लासचे सदस्य होतात. किंमत मात्र पाचव्या फ्रेमपर्यंत मिळत नाही. परिणाम म्हणजे प्रत्येक फ्लॅशकाराला पाठ झालेली ‘१००९’ ही चूक: नल ऑब्जेक्टकडे मागणी. कन्स्ट्रक्टरमध्ये ‘स्टेज’ मागितला की तीच चूक येते, कारण ऑब्जेक्ट तेव्हा मंचावर चढलेलेच नसते. ॲडेड-टू-स्टेज इव्हेंटची वाट पाहणे हाच त्यावरचा इलाज. म्हणजे कंपायलरने नावाचे दोष काढून घेतल्यावर उरले ते जवळजवळ शुद्ध वेळेचे.

वेळेशी संबंध नसलेले दोष आहेत, ते वेगळे धरावेत. लोड केलेल्या फाइलमधला रूट यजमान फाइलचा होतो, त्यासाठी लॉकरूट. दुसऱ्या डोमेनवरच्या फाइलला हात लावता येत नाही, त्यासाठी अलाउडोमेन. दुसऱ्या आवृत्तीतली फाइल तिसऱ्या आवृत्तीच्या फाइलमध्ये लोड केली तर ती दिसते, पण आतल्या ऑब्जेक्टना थेट पोचता येत नाही. लोकलकनेक्शनचा वळसा घ्यावा लागतो.

फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. दोष टिकून आहे: ॲडोबी ॲनिमेटच्या एचटीएमएल५ कॅनव्हासमध्ये क्लिक-हँडलरला ‘बाइंड’ जोडावे लागते ते धिससाठीच. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली ‘लेट’ आल्यामुळे लूपचा दोष तेवढा गेला. जुने पाठ रफल या एम्युलेटरवर चालवताना तपासणी वरीलप्रमाणेच.