तान्ह्या पोळ्यात पहिला नंबर कुणाचा? लहान विषयाला मोठा प्रश्न कसा विचारायचा

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘विषय डोक्यात आहे, पण फारच लहान वाटतो. गाइड हसतील का?’ माझं उत्तर असं, की विषय लहान असला तरी चालतो, त्याला विचारलेला प्रश्न मोठा पाहिजे. नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून आज आपल्या नागपूरचंच एक उदाहरण घेऊ: तान्ह्या पोळ्यातली नंदी सजावट स्पर्धा. हिच्यावर इतिहासाचा निबंध होऊ शकतो का, ते बघू.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. श्रावण अमावास्येला पोळा, तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पोरांचा तान्हा पोळा. मुलं चाकं लावलेला लाकडी बैल दोरीनं ओढत देवळासमोर किंवा मैदानात आणतात. कुणाचा बैल मुठीत मावेल एवढा, तर कुणाचा ओढायला दोन-तीन मोठी माणसं लागतील एवढा. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग, शिंगांना बेगड. मुलंही धोतर-पागोटं घालून शेतकरी होतात, कुणी आणखी काही होतं. मंडळाचे परीक्षक रांगेतून फिरतात, नंबर काढतात, उत्तेजनार्थ बक्षिसं देतात. मग पोरं नंदी घेऊन घरोघर जातात आणि त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे पैसे किंवा खाऊ.

इथपर्यंत हे सणाचं वर्णन झालं. संशोधन सुरू होतं ते पुढच्या प्रश्नापासून: या रांगेत पुढे कोण, हे ठरतं कसं?

मानाची रांग

खऱ्या पोळ्यातही रांग असते, आणि तिची एक चांगली नोंद आपल्याकडे आहे. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ 1916 साली प्रसिद्ध झाला. त्यात कुणबी समाजावरच्या प्रकरणात पोळा येतो. मखर बांधलेला म्हातारा बैल सर्वांत पुढे. त्याच्यामागे मालगुजारांचे बैल, मग कुळांचे. कुळांचा क्रम मात्र पैशापेक्षा गावातल्या पतीवर आणि घराण्याच्या जुन्या मानावर ठरायचा. आपला बैल योग्य जागी उभा राहिला नाही तर कुणब्याच्या मनाला ते फार लागतं, असं लेखक नोंदवतात.

हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, थांबा. पोळ्याची रांग म्हणजे गावाच्या उतरंडीचा वर्षातून एकदा मांडला जाणारा नकाशाच होता. बैलांची स्पर्धा तिथं नव्हतीच, कारण निकाल आधीच लागलेला असायचा. आणि ज्याच्या घरी बैल नाही तो शेतमजूर किंवा विणकर या रांगेत उभाच राहू शकत नव्हता. तो कडेला उभं राहून बघायचा.

आता लाकडी बैलाकडे बघा. त्याला गोठा लागत नाही, चारा लागत नाही, शेत लागत नाही. नागपूर शहरात हे महत्त्वाचं ठरतं. हे विणकरांचं शहर. 1877 मध्ये इथं एम्प्रेस मिल सुरू झाली आणि मजुरांच्या वस्त्या वाढल्या. बिनबैलाच्या घरांच्या या शहरात, ज्याच्या बापाला पोळ्याच्या रांगेत जागा नव्हती त्याचं पोर लाकडी नंदी घेऊन रांगेत उभं राहू शकतं. आणि तिथं नंबर घराण्यावरून लागत नाही, सजावटीवरून लागतो. गावच्या पोळ्यात मान वारशानं मिळतो, तान्ह्या पोळ्यात तो दरवर्षी नव्यानं कमवावा लागतो. हे माझं गृहीतक. गृहीतक असंच असावं, म्हणजे ते पुराव्यानं खोटं ठरण्याची सोय त्यातच असावी.

खोटं कसं ठरू शकतं? पैसा मागच्या दारानं परत येतो. सागवानाचा, कोरीव काम केलेला उंच बैल सगळ्यांना परवडत नाही, आणि परीक्षकाची नजर आधी उंच बैलावरच जाते. म्हणून निकालाच्या यादीपेक्षा निकष बघावेत. ‘आकर्षक’ नंदीला बक्षीस आहे की ‘मोठ्या’ नंदीला? लहान बैलांचा वेगळा गट आहे का? निकष बदलले की कुणाला पुढे येऊ द्यायचं हेही बदलतं.

रसेल वाचताना एक सावधगिरी पाळा. तो सरकारी अधिकारी, आणि ग्रंथाची मांडणी जातवार. त्यामुळे पोळा ‘कुणबी’ या मथळ्याखाली येतो. ज्या मोहल्ल्यात पाच जातींची मुलं एका रांगेत बैल घेऊन उभी राहतात, त्याची नोंद अशा ग्रंथात कुठल्या मथळ्याखाली करणार? साधनाची मांडणीच काय दिसेल आणि काय दिसणार नाही हे ठरवते.

1806 ची गोष्ट

तान्हा पोळा कुणी सुरू केला? नागपुरात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये, मुलांना बैलाचं महत्त्व कळावं म्हणून, लाकडी बैलांचा पोळा सुरू केला. ही गोष्ट तपासायची कशी? पहिली पायरी, काळ जुळतो का. जुळतो. दुसरे रघुजी 1788 ते 1816 गादीवर होते. 1803 च्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला होता, म्हणजे सांगितलेलं साल त्या पराभवानंतर तीनच वर्षांनी येतं.

पण काळ जुळणं म्हणजे पुरावा मिळणं नव्हे, फक्त गोष्ट अशक्य नाही एवढंच त्यातून कळतं. पुरावा म्हणजे त्या काळची नोंद: खर्चाची, सुताराला दिलेल्या मजुरीची. आणि दुसरा प्रश्न याहून कामाचा: ही गोष्ट राजापासूनच का सुरू होते? बैल कोरणारा सुतार, झूल शिवणारी बाई यांच्यापासून का नाही? उगमकथा खरी की खोटी एवढंच बघू नका. ती श्रेय कुणाला देते तेही टिपा.

झडती आणि बडग्या

इथली चढाओढ नुसती डोळ्यांनी बघण्याची नाही, कानांनी ऐकण्याचीही आहे. पोळ्यात तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या म्हटल्या जातात. झडती म्हणजे ठसक्यात म्हटलेल्या यमकी ओळी, शेवटी महादेवाच्या नावाचा गजर. एकानं टाकली की समोरचा उत्तर देतो. सावकार, पाटील, सासुरवाडी, कापसाचा भाव, सरकार, कुणीच सुटत नाही. गंमत अशी, की ज्या रांगेत घराण्यांचा मान जपला जातो, त्याच रांगेत मोठ्यांची चारचौघांत टिंगलही चालते. लहान पोरं तान्ह्या पोळ्यात झडत्या म्हणतात, त्या बहुतेक घरच्या मोठ्यांकडून शिकलेल्या असतात.

त्याच दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. तिची सुरुवात 1880 च्या दशकातली सांगितली जाते. सोबत वेगवेगळ्या वस्त्यांनी केलेले बडग्ये असतात: बांबू, कागद, जुने कपडे यांचे पुतळे आणि त्यांच्यावर फलक. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षीचा एखादा गाजलेला घोटाळा. चित्र आणि मजकूर मिळून एक गोष्ट सांगितली जाते, आणि कुणाचा बडग्या जास्त झोंबला याची चर्चा वस्त्यांमध्ये रंगते. मग संध्याकाळपर्यंत सगळं जाळून टाकतात.

इतिहासकारासाठी हा फरक मोठा आहे. लाकडी नंदी घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्याच्या अंगावर रंगाचे थर चढतात. बडग्या मात्र त्याच दिवशी राख होतो आणि झडती हवेत विरते. म्हणून नंदीचा अभ्यास वस्तूवरून करता येतो. बडग्याचा करायचा तर वर्तमानपत्रातले फोटो आणि फलकांवरचा मजकूर लागतो. झडतीसाठी म्हणणाऱ्यासमोर जाऊन बसावं लागतं. सण एकच, पण पद्धती तीन.

नाव कुणाचं लागतं?

बक्षीस मुलाच्या नावानं दिलं जातं. इतर स्पर्धांशी तुलना केली की हे नीट दिसतं. शंकर पिल्ले यांनी 1949 मध्ये सुरू केलेल्या मुलांच्या चित्र आणि लेखन स्पर्धेत, किंवा आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांत, काम एकट्या मुलाचं असणं हीच मुख्य अट. तान्ह्या पोळ्यात ही अट घातली तर स्पर्धाच उरणार नाही. बैल आजोबांच्या वेळचा, रंग काकाचा, झूल आईनं जुन्या साडीची शिवलेली, झडती आजीनं पाठ करून घेतलेली. मूल दोरी धरतं. हे सगळं मिळून एक ‘प्रवेशिका’ होते, पण मंडळाच्या यादीत एकच नाव लिहिलं जातं.

स्पर्धा मैत्रीची राहते ती बहुधा यामुळेच. हरलं तर एकटं पोर हरत नाही, जिंकलं तरी कौतुक घरभर वाटलं जातं. पण याची दुसरी बाजू तुमच्या कामाची: यादीवरून इतिहास लिहिला तर झूल शिवणारी बाई त्यात कधीच येणार नाही.

येत्या तान्ह्या पोळ्याला एक वही घेऊन कुठल्याही मैदानावर जा. चार रकाने आखा: बैल कुठून आला, सजावट कुणी केली, झडती कुणाकडून शिकली, बक्षीस कुणाच्या नावानं. दहा घरांची माहिती भरा. घरच्यांना आधी उद्देश सांगा, परवानगी घ्या, आणि मुलांची नावं लिहू नका. शेवटचा रकाना सोडून पहिले तीन वाचलेत, की सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं ते दिसायला लागेल.