हॉटेलचे पॉइंट्स: फुकट रात्र कुणाला परवडते?

कामासाठी यवतमाळहून नागपूरला वर्षातून दोन-तीनदाच मुक्काम होतो? मग पॉइंट्स किती मिळतात, यापेक्षा ते किती काळ टिकतात हे आधी पाहा.

मॅरियट बॉनवॉय (नागपुरात ल मेरिडियन): खात्यात २४ महिने काहीच हालचाल नसेल तर पॉइंट्स बाद. पॉइंट्सवर सलग ५ रात्री घेतल्यास एका रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत.

आयएचजी: सामान्य सदस्यांना मुदत १२ महिनेच.

टाटा न्यूपास (ताज, जिंजर): १ न्यूकॉइन म्हणजे १ रुपया. फुकट रात्रीची वाट पाहायची गरज नाही, बिलातूनच वजा.

लक्षात ठेवा: बुकिंग हॉटेलच्याच साइटवर करा. इतर ॲपवरून केल्यास सहसा पॉइंट्स मिळत नाहीत. आणि मुक्काम कमी असतील तर एकाच योजनेला धरून राहा.