फाइल हलवणे

फाइल हलवणे : संगणकावरची फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरात किंवा एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेणे आणि मूळ जागी प्रत न ठेवणे. बोलताना सगळेच ‘कट-पेस्ट’ म्हणतात. फोल्डर बदलणे आणि डिस्क बदलणे ही कामे पडद्यावर सारखी दिसत असली, तरी संगणकाच्या आत ती पूर्णपणे वेगळी आहेत. फाइल हरवल्याच्या अनेक तक्रारी हा फरक न कळल्यामुळे होतात.

एकाच डिस्कवर, किंवा नेमके सांगायचे तर डिस्कच्या एकाच भागावर, फाइल हलवली की तिच्यातला मजकूर जागचा हलत नाही. विंडोजची ‘एनटीएफएस’ ही फाइलव्यवस्था प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात ठेवते. हलवताना ‘ही फाइल अमुक फोल्डरची’ एवढीच नोंद बदलते. सातबाऱ्यावर फेरफार पडतो, जमीन तिथेच राहते, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच लग्नाच्या दोन तासांच्या चित्रीकरणाची अवजड फाइल डेस्कटॉपवरून ‘डॉक्युमेंट्स’मध्ये क्षणात जाते. रिसायकल बिनमध्ये फाइल टाकणे हेही आतून असेच नोंद बदलणे असते.

डिस्क बदलली की नुसत्या नोंदीवर भागत नाही. संगणक आधी संपूर्ण मजकूर नव्या डिस्कवर उतरवतो आणि मग जुनी फाइल पुसतो. म्हणजे हे कॉपी आणि डिलीट यांचे जोडकाम आहे. पुसलेली मूळ फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही. एमएस-डॉसमध्ये ‘मूव्ह’ ही आज्ञा १९९३ च्या ६.० आवृत्तीत आली. त्याआधी वापरणारा स्वतःच ‘कॉपी’ आणि ‘डेल’ अशा दोन आज्ञा देत असे. काम लांबत असे, पण आपण काय करतो आहोत हे त्याला कळत असे.

माउसने ओढून नेण्याचा विंडोजचा नियम या फरकावरच बेतलेला आहे. त्याच ड्राइव्हवर ओढली तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते. शिफ्ट दाबून ओढली तर कुठेही हलते, कंट्रोल दाबून ओढली तर कुठेही प्रत होते. माउसच्या उजव्या बटणाने ओढल्यास काय करायचे ते संगणक विचारतो. हीच सर्वांत बिनधोक रीत आहे, आणि तीच कोणी वापरत नाही. कंट्रोल-एक्स दाबल्याने फाइल लगेच जात नाही. तिचे चिन्ह फिकट होते आणि पेस्ट होईपर्यंत ती जागेवरच असते. चुकीच्या फोल्डरात पडलेली फाइल कंट्रोल-झेडने बहुधा परत आणता येते.

आपल्याकडे जुळवून घेतलेल्या संगणकात एका हार्डडिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडायची पद्धत रूढ झाली. (ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखीव होती.) विंडोज बिघडले की दुरुस्तीवाला ‘सी फॉरमॅट मारतो’, म्हणून कामाच्या फाइल ‘डी’वर ठेवायच्या. हा शहाणपणा एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आणि दुरुस्तीच्या दुकानांतून गावोगाव पोचला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला. मात्र डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल ‘सी’मध्येच असते, हे अनेकांना फॉरमॅट झाल्यावर कळते. शिवाय सी आणि डी एकाच हार्डडिस्कवर असले तरी विंडोजच्या लेखी ते वेगळे ड्राइव्ह आहेत, त्यामुळे त्यांच्यात फाइल हलवताना सगळा मजकूर खरोखरच उतरवावा लागतो. आणि हार्डडिस्कच बिघडली, तर ‘डी’वरच्या प्रतीचा काही उपयोग नाही.

मोठ्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर हे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या उद्योगाभोवती वसलेले गाव. साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटर-केसिंगपर्यंतची कामे इथे होत आली आहेत. अशा अवजड अभियांत्रिकीत फाइल हलवण्याचा प्रश्न जास्त नाजूक असतो, कारण तिथे ड्रॉइंग एकटे नसते. ऑटोकॅडमधले जुळणीचे मुख्य ड्रॉइंग सुट्या भागांच्या ड्रॉइंगना संदर्भाने जोडलेले असते आणि त्या जोडणीत फोल्डरचा मार्ग लिहिलेला असू शकतो. कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने फोल्डर बदलले, की मुख्य ड्रॉइंग उघडते, पण त्यातले भाग गायब असतात. यासाठी ऑटोकॅडमध्ये ‘ई-ट्रान्समिट’ ही आज्ञा आहे; ती ड्रॉइंग आणि त्याला जोडलेल्या फाइल एकत्र बांधून देते. एक्सेलमध्ये एकमेकांना जोडलेल्या हिशेबाच्या फाइलींनाही हाच धोका असतो. शॉर्टकट तर नुसता पत्ताच असतो. तो पेनड्राइव्हवर नेला म्हणजे फाइल नेली असे होत नाही.

मराठी मजकुराची अडचण वेगळी होती. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’च्या जुन्या फाँटात टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फाँट नसला, तर पडद्यावर अक्षरांची खिचडी दिसे. म्हणून लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले फाइलबरोबर फाँटही न्यायचे. युनिकोडमुळे ही कटकट सरली. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फाँट विंडोजबरोबरच येऊ लागला. फाइलला मराठी नाव द्यायला आता हरकत नाही, पण लांबी मोजताना काना, मात्रा, अनुस्वार सगळे धरले जातात. ‘श्री’ची चार चिन्हे होतात, ‘वालचंदनगर’ची नऊ. विंडोजच्या अनेक प्रोग्रॅमांत फोल्डरांसह पूर्ण मार्गाला २६० चिन्हांची मर्यादा आहे. लिनक्सच्या ‘एक्स्ट-४’ व्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे तिथे नाव ८५ चिन्हांतच बसवावे लागते.

पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ प्रकारचा असेल, तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. ड्राइव्ह ३२ जीबीचा आणि रिकामा असला तरी संगणक नकारच देतो, आणि दोष दुकानदाराला दिला जातो. अशा वेळी ड्राइव्ह ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करावा, अर्थात त्यातले सगळे आधी दुसरीकडे ठेवून. एक मोठी फाइल लवकर जाते, एकूण तेवढ्याच आकाराचे हजारो फोटो मात्र रेंगाळतात. कारण प्रत्येक फाइलसाठी नोंद उघडणे आणि बंद करणे आलेच.

हलवण्याच्या मध्येच वीज गेली तर काही फाइल इकडे आणि काही तिकडे असा प्रकार होतो. हाती असलेली फाइल नव्या जागी अर्धवट उतरलेली असू शकते. पट्टी शंभर टक्के भरली तरी थोडा मजकूर डिस्कवर लिहायचा राहिलेला असू शकतो, म्हणून पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढावा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या एका सुधारणेपासून हा धोका कमी झाला आहे, पण संपलेला नाही.

कार्यालयातल्या सामायिक डिस्कवर आणखी एक गोष्ट आडवी येते. एनटीएफएसच्या एकाच भागात हलवलेली फाइल बहुधा आपले जुने परवाने बरोबर नेते, तर प्रत केलेली फाइल नव्या फोल्डरचे परवाने घेते. ‘फाइल दिसते, पण उघडत नाही’ या सहकाऱ्यांच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

ड्रॉइंग, हिशेब, घरचे फोटो अशा परत न मिळणाऱ्या फाइल दुसऱ्या डिस्कवर नेताना ‘कट’ वापरू नये. आधी कॉपी करावी, डिस्क काढून पुन्हा जोडावी, दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात, दोन्हीकडची फाइलसंख्या आणि आकार जुळवावा आणि मगच जुनी प्रत पुसावी.