समुद्र वाद्यवृंदात उतरतो तेव्हा

कादंबरी रंगमंचावर आली की काय उरले आणि काय गळले, याचा हिशेब आपण लगेच मांडू लागतो. समुद्रावरच्या कादंबरीत तर पहिली अडचण खुद्द समुद्राचीच. लाटा, वादळ, देवमासा नाट्यगृहात आणायचा कसा? ऑर्सन वेल्सने १९५५ साली लंडनमध्ये ‘मोबी डिक’ जवळजवळ उघड्या रंगमंचावर, नटांच्या आणि शब्दांच्या भरवशावर उभे केले. संगीतकारांनी दुसरी वाट धरली. त्यांनी समुद्र रंगमंचासमोर बसलेल्या वादकांच्या हाती सोपवला. या वाटेने वाचकांनी थोडे चालून पाहावे, यासाठी हे चार शब्द.

हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ (१८५१) मुळातच नाटकाकडे झुकलेली आहे. तिच्यातली काही प्रकरणे म्हणजे निव्वळ स्वगते. चाळिसावे तर नाट्यसंहितेसारखेच लिहिलेले, त्यात खलाशी पाळीपाळीने बोलतात, गातात, हातघाईवर येतात. जेक हेगी यांनी जीन शीअर यांच्या संहितेवर तिचा ऑपेरा केला (डॅलस, २०१०), तेव्हा किनाऱ्यावरचा भाग गाळून प्रयोग थेट जहाजावर सुरू झाला. त्यातली एक योजना मला फार मोलाची वाटते. सगळ्या पुरुषी आवाजांत पिप या पोराची भूमिका तेवढी स्त्रीच्या उंच स्वरात आहे. समुद्रात एकटा पडून भ्रमिष्ट झालेल्या पिपचे वेगळेपण आधी कानाला कळते.

मात्र संगीत काय करू शकते हे पुरते उमगते ‘बिली बड’मध्ये. ही लघुकादंबरी मेलव्हिलच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी, १९२४ साली प्रसिद्ध झाली. काळ १७९७चा, जागा ब्रिटिश युद्धनौका. खोट्या आरोपाला उत्तर देताना निरागस बिलीची जीभ अडखळते, हात उठतो आणि आरोप करणारा अधिकारी मरून पडतो. फाशीचा निर्णय कप्तान व्हिअर त्याला एकांतात सांगतो. बंद दाराआड काय बोलणे झाले, ते निवेदक सांगत नाही. नुसता अंदाज करतो. ई. एम. फॉर्स्टर आणि एरिक क्रोझिअर या संहिताकारांनीही तिथे संवाद घातला नाही. १९५१च्या ऑपेरात बेंजामिन ब्रिटनने त्या जागी रंगमंच रिकामा ठेवला आणि ३४ संथ स्वरमेळ योजले. कुणीही गात नाही. वाद्ये बदलत जातात, आवाज चढतो, ओसरतो. लेखकाने राखलेले गुपित संगीतही राखते, आणि तरीही आपण त्या खोलीत काही काळ राहून येतो.

परकी भाषा, परके संगीत म्हणून बिचकू नका. पद सुरू झाले की कथानक थांबते आणि मन बोलू लागते, हे आपल्या संगीत नाटकाने शिकवलेलेच आहे. आधी ‘मोबी डिक’ची ३७ ते ४० ही प्रकरणे वाचा. मग ‘बिली बड’मधला तो प्रसंग पुस्तकात वाचून लगेच ऐका, संपूर्ण ऑपेराची घाई नको. ऐकताना निवेदकाची वाक्ये कुठे गेली याचा माग घ्या. काही खलाशांच्या समूहगानात भेटतील, काही तंतुवाद्यांत. देवमाशाच्या शरीराविषयीची ती लांबलचक, हट्टी प्रकरणे मात्र कुठेच भेटणार नाहीत. त्यांच्यासाठी पुस्तकाकडेच यावे लागेल.